तीन मुद्द्यांची माफी

रेव्हरंड आनंदा उजागरे यांचा आवडता विषय नम्रता. त्या विषयात त्यांचा हातखंडा होता, आणि हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज पडत नसे. वडील नेवाशाकडे मिशनच्या शाळेत मास्तर. त्यांनी पोराला धर्मशिक्षणासाठी पुण्याला धाडलं, आणि तिथून बाहेर पडल्यावर एकतीस वर्षांत उजागऱ्यांनी सहा गावच्या ख्रिस्ती मंडळ्या सांभाळल्या. नव्या गावी गेलं की तिसऱ्या रविवारी नम्रतेचा उपदेश ठरलेला. पहिल्या रविवारी नाही, कारण तेव्हा लोक पाळक कसा दिसतो ते बघायला आलेले असतात. दुसऱ्या रविवारी पाळकीणबाईंच्या साडीची चर्चा चालू असते. तिसऱ्या रविवारी कान मोकळे होतात, तेव्हा नम्रता.

उपदेश संपला की ते दाराशी उभे राहत, हात जोडून, मान किंचित कलती ठेवून. कोणी म्हणालं, "साहेब, आज फार छान बोललात," की ते म्हणत, "छे, छे, प्रभूची कृपा." जो काहीच न बोलता चपला शोधत निघून जाई, त्याचा चेहरा मात्र आठवडाभर डोळ्यांसमोरून हलत नसे.

त्यांच्या पत्नी कलावतीबाई डोंबिवलीच्या एका दवाखान्यात मेट्रन होत्या, आणि एकतीस वर्षांत त्यांनी तो उपदेश इतक्यांदा ऐकला होता की मधे कुठे खोकायचं हेही त्यांना ठाऊक झालं होतं. "नम्रतेचं बरं झालं ना, असं तुम्ही जेवताना दोनदा विचारलंत," त्या म्हणत. "मी भात वाढतेय तोवर तिसऱ्यांदा विचारून घ्या, म्हणजे मला पंगतीत बसता येईल."

अठ्ठावन्नाव्या वर्षी उजागरे कल्याणच्या एका जुन्या मराठी मंडळीचे पाळक होते. चर्च कल्याणात, राहायला मंडळीनं दिलेला कोपरचा फ्लॅट, आणि माणसं मुंब्र्यापासून टिटवाळ्यापर्यंत विखुरलेली. कोणी रेल्वेतलं, कोणी कारखान्यातलं, कोणी नर्स, कोणी शाळामास्तर. बहुतेकांचे आजे-पणजे नगर-जालन्याकडून आलेले. या सगळ्यांच्या घरी जाणं, बसणं, विचारपूस करणं ही पाळकाची पहिली जबाबदारी, असं उजागरे नव्या पाळकांच्या शिबिरात दरवर्षी सांगत. घरभेटींसाठी त्यांनी स्वतः एक खास डायरी केली होती. फार सुबक डायरी. प्रत्येक कुटुंबाला एक पान, नावं, पत्ता, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस. 'भेटीची तारीख' हा रकाना तेवढा मोकळा होता. तो सवडीनं भरायचा होता.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं सांगायचं, ती उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना असते. प्रभूनं क्रुसावरून काढलेले सात उद्गार, आणि त्या सातांवर बोलायला सात माणसं. बाहेरच्याला ही साधी गोष्ट वाटेल. पण मराठी मंडळीत हे सात उद्गार कोणाकोणाला द्यायचे हे ठरवणं म्हणजे निवडणुकीची तिकिटं वाटणं. पहिला, क्षमेचा, तो मान्यवरांचा. तिसऱ्यात आईचा सांभाळ शिष्याकडे सोपवलेला आहे, म्हणून तो महिला मंडळाचा. त्याला दुसऱ्या कोणी हात लावला तर नाताळात करंज्या मिळणार नाहीत. सातवा, शेवटचा, तो पाळकाचा, कारण शेवटी बोलणाऱ्याला 'आवरा' अशी चिठ्ठी पाठवता येत नाही.

आणि पाचवा तहानेचा, 'मला तहान लागली आहे' हा. तो एकोणीस वर्षं काळुराम अमोलिकांकडे होता.

काळुराम म्हणजे लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेला, विठ्ठलवाडीला राहणारा, बोलायला उभा राहिला की आधी खिशातला रुमाल काढून मुठीत धरणारा माणूस. एकोणीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट सांगितली. एका मे महिन्यात ते इंजिनाखालच्या खड्ड्यात उतरून काम करत होते, ऊन लागून तिथंच कोसळले, आणि शेडमधल्या एका हेल्परानं त्यांना ओढून बाहेर काढलं, आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. त्या हेल्पराशी त्यांचं आठ महिने बोलणं बंद होतं. "तर सांगायचं एवढंच, की समोरच्याला पाणी विचारत जा," असं म्हणून काळुराम खाली बसत. चार मिनिटं. गोष्ट सगळ्यांना पाठ होती. हेल्पर यायच्या वेळी मागच्या बाकांवरचे ओठ आपोआप हलत.

मागच्या वर्षी उजागऱ्यांच्या मनात आलं, की मंडळीचा दर्जा आता जरा वाढवला पाहिजे. त्यांनी पाचवा उद्गार ठाण्याच्या एका प्राध्यापकांना दिला. काळुरामना त्यांनी हे फोनवर कळवलं. काळुराम म्हणाले, "बरं साहेब." प्राध्यापक आले ते प्रोजेक्टर घेऊन. तहान या शब्दाचं मूळ ग्रीक रूप त्यांनी पडद्यावर दाखवलं, ते सहा तऱ्हांनी चालवून दाखवलं, आणि मग तहानेचे प्रकार घेतले. शारीरिक, मानसिक, सामाजिक. सकाळपासून निर्जळ उपास धरलेल्या मंडळीपुढे ते तहानेवर अडतीस मिनिटं बोलले. 'सामाजिक'पाशी कमिटीतल्या शालनबाई चक्कर येऊन बाकावरून घसरल्या.

त्या धांदलीत, कोणी पंखा घालतंय, कोणी पाणी आणतंय, तेवढ्यात उजागऱ्यांना दिसलं की काळुराम उठून बाहेर निघालेत. कोणाकडे न बघता, भराभरा. दोन दिवसांनी ईस्टर, पुनरुत्थानाचा सण, त्याला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी नाहीत. मग कधीच नाहीत.

उजागरे समजून चुकले. माणूस दुखावला. आपण दुखावला. भेटायला जायचं त्यांनी त्याच आठवड्यात ठरवलं. एप्रिलमध्ये ऊन होतं. मेमध्ये शिबिरं. जूनमध्ये स्कूटरचा ब्रेक लागत नव्हता आणि जुलैत त्यांचा स्वतःचा गुडघा. मग वार्षिक सभा, मग नाताळ. कल्याणच्या चर्चपासून विठ्ठलवाडी रिक्षानं पंधरा मिनिटं. ही पंधरा मिनिटं काटायला उजागऱ्यांना अकरा महिने लागले.

आणि खरं सांगायचं तर त्या अपराधीपणाला थोडी चवही होती. एका साध्याभोळ्या माणसाचा विश्वास आपल्यामुळे ढळला, हा विचार दुःखाचा होता, पण त्यात आपण मोठे होतो. मधल्या काळात दोन-तीन उपदेशांत "माझ्याही हातून एकदा" असं म्हणून त्यांनी त्याचा मोघम उल्लेखही केला होता. तेव्हा मंडळी कशी गप्प झाली होती, पहिल्या बाकावरच्या बाईंनी डोळ्याला पदर कसा लावला होता, हे त्यांना नीट आठवत होतं.

यंदा मार्चमध्ये पुन्हा वाटपाची वेळ आली. गुरुवारी पाच वाजता कमिटीची बैठक. सेक्रेटरी मितेश साळवे यांनी आदल्या दिवशीच ग्रुपवर यादी टाकली, सहा उद्गारांपुढे नावं आणि पाचव्यापुढे प्रश्नचिन्ह. कलावतीबाईंनी मोबाईल नवऱ्यापुढे सरकवला.

"अमोलिकांना द्या. पण आधी घरी जाऊन माफी मागा."

"मीही तेच ठरवलंय."

"ते मला माहितेय. जाणार कधी?"

"उद्याच. बैठकीच्या आधी."

माफीची तयारी त्यांनी दुसऱ्या दिवशी आंघोळीपासून सुरू केली. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं त्यांना विचारच करता येत नसे. गॅसचा सिलिंडर लवकर का संपतो हेही त्यांनी एकदा कलावतीबाईंना तीन मुद्द्यांत समजावलं होतं. तर पहिला मुद्दा, पाळकही माणूस आहे. दुसरा, माणूस चुकतो. तिसरा, चूक कबूल करण्यातच खरी थोरवी आहे. तिसऱ्या मुद्द्यात थोरवी फिरून आपल्याच पदरात पडते, हे त्यांच्या ध्यानात आलं. पण वाक्य असं जमून गेलं होतं की काढवेना. उलट पत्री पुलावर वाहनं तुंबली तेव्हा स्कूटरवर बसल्या बसल्याच त्यांनी ते रविवारसाठी कागदावर टिपून घेतलं. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला.

विठ्ठलवाडी स्टेशनमागच्या गल्लीत बिनलिफ्टची इमारत, दुसरा मजला. दार उघडलं त्या माणसाला बघून उजागऱ्यांना वाटलं आपण घर चुकलो. पांढरे केस कानांवरून मानेवर उतरलेले, दाढीही तशीच. शेडमध्ये असतानाही रोज दाढी करून जाणारे काळुराम ते हेच.

"सलाम, साहेब."

"सलाम, काळुरामभाऊ."

खोलीत खिडकीपाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत काळुरामांच्या पत्नी गोदाबाई बसल्या होत्या. त्यांच्या पदराचं टोक खुर्चीच्या हाताला गाठ मारून बांधलेलं होतं. उजागऱ्यांची नजर त्या गाठीवर गेलेली बघून काळुराम म्हणाले, "उठून जाते. दोनदा स्टेशनवर सापडली. माणसं ओळखत नाही आता. मलाही."

उजागऱ्यांनी घसा साफ केला. प्रस्तावना तयार होती. "काळुरामभाऊ, आज मी पाळक म्हणून नव्हे, तर एक माणूस म्हणून तुमच्या दारी..."

"साहेब, घाईत आहात का?"

"छे, छे." पाचच्या बैठकीला दोन तास होते.

"मग तासभर हिच्यापाशी बसता? मी केस कापून येतो." काळुराम हे इतक्या संकोचानं म्हणाले, जसं काही त्यांनी उसनं घर मागितलं होतं. "शेजारची भावना बघते घटकाभर, पण तिला कामावर जायचं असतं. त्यात भाजी-औषधं होतात. केस राहतात." पायात चपला सरकवता सरकवता ते दारातून वळले. "आणि तुमचं पत्र मिळालं बरं का. हिला वाचून दाखवलं. बरं वाटलं. मंडळीत नाव आहे अजून आपलं."

कुठलं पत्र, हे उजागऱ्यांना आठवेना. काळुराम जिना उतरून गेल्यावर त्यांना ते औषधांच्या ट्रेखाली दिसलं, नीट घडी घातलेलं. मंडळीचा कागद. 'आपली उपासनेतील दीर्घ अनुपस्थिती व आध्यात्मिक उदासीनता यांबद्दल मंडळी चिंतित आहे. तीन महिन्यांत समाधानकारक खुलासा न आल्यास आपले नाव सभासद यादीतून कमी करण्यात येईल.' खाली त्यांचीच सही, लांब शेपटीची, जी त्यांनी तरुणपणी वहीत गिरवून गिरवून बसवली होती. मग आठवलं. मितेशनं बावीस पत्रांचा गठ्ठा आणला होता आणि त्यांनी चहा पिता पिता, नवा माईक कुठला घ्यावा यावर वाद घालत, सगळ्यांवर सह्या ठोकल्या होत्या. एका पत्रावर चहाचा थेंब पडला तर मितेशनं तत्परतेनं ते बदलून आणलं. मजकूर वाचायचं दोघांनाही सुचलं नाही. त्यांनी पत्र पुन्हा ट्रेखाली सरकवलं.

"सहदेव," गोदाबाई म्हणाल्या. "कवा आलास रं?"

सहदेव म्हणजे त्यांचा गावाकडचा भाऊ. उजागऱ्यांना हे माहीत असायचं कारण नव्हतं, पण डायरीत होतं. 'माहेर: सोनई. भाऊ: सहदेव, मयत.'

"गोदाबाई, मी पाळक. उजागरे."

"किती रोडावलास," त्या म्हणाल्या. चाळिशीनंतर उजागऱ्यांना असं कोणी म्हणालं नव्हतं. "बस. मेथी निवडू लाग."

मेथीची जुडी खरंच पुढ्यात होती. उजागऱ्यांनी आधी प्रार्थना करायचं ठरवलं. आजाऱ्याच्या घरी पाळकानं करायचं ते काम तेच. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले, "हे दयाळू स्वर्गीय पित्या," इतकं म्हणाले आणि मांडीवर जुडी येऊन पडली. "डोळं उघडं ठिवून निवड. आळ्या असत्यात," गोदाबाई म्हणाल्या. त्यांची स्वतःची बोटं भराभर चालली होती. नवरा आठवत नव्हता, भाऊ मेला हे आठवत नव्हतं, पण कुठल्या पानाचं देठ कुठे खुडायचं हे बोटांना पक्कं ठाऊक होतं. उजागऱ्यांच्या ढिगात देठंच जास्त. त्या ती उचलून त्यांच्या पुढ्यात परत टाकत. वेळ जावा म्हणून त्यांनी सहनशीलतेवर दोन शब्द बोलायला सुरुवात केली. सवयच ती. दुसऱ्या मुद्द्यावर येतात तोच गोदाबाई म्हणाल्या, "दम खा की जरा. लहानपणीबी असाच बडबडायचास."

तर ते गप्प बसले. पंधरा-वीस मिनिटं एक शब्द न बोलता ते मेथी निवडत राहिले. एवढा वेळ दुसऱ्या माणसाच्या शेजारी न बोलता बसण्याचा त्यांचा हा बहुधा पहिलाच प्रसंग.

मग खुर्चीखाली काहीतरी ओघळलं. त्यांना वाटलं पाण्याचा तांब्या कलंडला. तांब्या सरळ होता. गोदाबाई हात मांडीवर घट्ट धरून खाली बघत होत्या आणि त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला होता. "आई मारंल," त्या म्हणाल्या.

उजागऱ्यांनी कलावतीबाईंना फोन लावला. "घाबरू नका," कलावतीबाई म्हणाल्या. "त्या घाबरल्यात, तुम्हीही घाबरलात तर कसं व्हायचं? फरशी पुसा, पाय धुवा. साडीसाठी शेजारच्या बाईला बोलवा. आणि त्यांच्याशी नेहमीच्या आवाजात बोला. व्यासपीठावरच्या नको."

त्यांनी मोरीतनं पाण्याचा मग आणि फडकं आणलं. गुडघे टेकले, तेव्हा दुखणारा गुडघा कळवळला. "काही नाही, आक्का, पाणी सांडलं," असं म्हणत त्यांनी फरशी पुसली आणि कोमट पाण्यानं गोदाबाईंचे पाय धुवायला घेतले. टाचांना भेगा, नखं वाढलेली. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी चर्चमध्ये ते दरवर्षी बारा जणांचे पाय धूत. ते बाराही जण घरून साबण लावून, घासून आलेले असत. मागच्या वर्षी एकानं तर पायांना अत्तर लावलं होतं. हे तसं नव्हतं. हे खरोखरीचे मळलेले पाय होते. आणि ते पाय हातात असतानाच उजागऱ्यांच्या मनात आलं, की पाय धुण्याच्या त्या गुरुवारच्या उपदेशात हा दाखला काय सुंदर बसेल. सुरुवात कशी करायची तेही सुचलं. 'प्रिय बंधुभगिनींनो, परवाच मी एका घरी...' मग त्यांचं त्यांनाच कळलं की आपण काय करतोय. फडकं हातात तसंच राहिलं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि ही लाज वेगळी होती. ती कोणाला सांगाविशी वाटत नव्हती.

शेजारची भावना आली, कामावर जायच्या तयारीत, केसाला क्लिप लावत. "काका, तुम्ही बाहेर व्हा, मी बदलते ना. टेन्शन नका घेऊ, होतं असं." पाच मिनिटांत तिनं दार उघडलं. "तुम्ही चर्चचे फादर ना? आवाजावरून ओळखलं."

"आवाजावरून?" उजागऱ्यांना राहवलं नाही.

"आमचे हे काका रात्री मोबाईलवर तुमचं भाषण लावतात ना. आजी झोपतच नाही. गोळीनेपण नाही. तुमचं लावलं की दहा मिनटात झोपते." तिनं हे अगदी कौतुकानं सांगितलं आणि ती निघून गेली.

पाच वाजले. मितेशचा फोन आला, उजागऱ्यांनी तो कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. आपल्याशिवाय बैठक म्हणजे भांडणं होणार, शालनबाई उठून जाणार, हे त्यांना दिसत होतं. साडेपाचला मेसेज आला. 'सर्व उद्गार वाटून झाले. वीस मिनिटे लागली. कोणाची तक्रार नाही. पाचवा अमोलिक काकांसाठी राखून ठेवला आहे, आपण विचारावे.' त्यांना स्वतःला याच कामाला दरवर्षी अडीच तास लागत. मेसेज त्यांनी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना 'आपली उणीव भासली' असं कुठे लिहिलंय का ते शोधत होते. नव्हतं.

काळुराम सहाला आले. केस बारीक, दाढी गुळगुळीत. तासभर म्हणून गेलेला माणूस तीन तासांनी आला होता आणि दारातच थबकला. "माफ करा, साहेब. केस अर्ध्या तासात झाले. मग स्टेशनवर गेलो. बाकावर बसलो. कुठं जायचं नव्हतं. नुसता बसलो. उठवेचना."

उजागरे उभे राहिले. आता मागे सरण्यात अर्थ नव्हता. "काळुरामभाऊ, मागच्या वर्षी तुमचा पाचवा उद्गार मी दुसऱ्याला दिला. तुम्ही दुखावून उठून गेलात. पाळकही माणूस असतो, आणि..."

"कुठला उद्गार?" काळुरामांनी विचारलं. मग आठवलं. "अच्छा, ते प्राध्यापक. नाही हो साहेब. त्या दिवशी भावनाचा फोन आला म्हणून निघालो. घरी पोचलो तर ही जिन्यात बसलेली. मला म्हणाली, तुम्ही कोण? आमचं माणूस अजून चर्चमधून यायचंय." रुमाल काढून त्यांनी तो मुठीत धरला. "तेव्हापासून निघता आलं नाही. उद्गाराचं माझ्या मनातही नव्हतं."

अकरा महिने जपलेलं पाप अशा तऱ्हेनं उजागऱ्यांच्या हातून गेलं. त्यांनी या माणसाचा विश्वास वगैरे काही ढळवला नव्हता. त्याच्या दुःखात ते कुठेच नव्हते. सुटका झाली असं वाटायच्या आधी त्यांना क्षणभर, अगदी क्षणभर, वाईट वाटलं की आपण इतकेही महत्त्वाचे नव्हतो. आणि मग ते लक्षात आलं, जे खरं होतं आणि फार लहान होतं. त्याला प्रस्तावना लागत नव्हती.

"मी आलो नाही," ते म्हणाले. "वर्षभर."

काळुराम 'असू द्या' म्हणतील असं त्यांना वाटलं. सगळे म्हणतात. काळुराम म्हणाले, "हो. आला नाहीत."

खालून भाजीवाल्याचा आवाज येत होता.

"पाचवा उद्गार तुमच्यासाठी ठेवलाय," उजागरे शेवटी म्हणाले. "त्या दिवशी कोणीतरी इथं येऊन बसेल. मी व्यवस्था करतो."

"मला उद्गार नको, साहेब. दुसऱ्या कोणाला द्या." काळुराम गोदाबाईंच्या पदराची गाठ सोडत होते. "मला मंगळवार द्या. मंगळवारी भावनाची ड्युटी सकाळपासून असते. दुपारी दोन तास कोणी बसलं तर मी जरा बाहेर पडीन. माणसांत."

मंगळवारी दुपारी ठाण्याला पाळकांची सभा असे. उजागरे चार वर्षं तिचे अध्यक्ष होते. मधली खुर्ची त्यांची, समोर बिसलेरीची बाटली, नावाची पाटी. "बरं," ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. "मंगळवार तुमचा."

ते दाराशी चपला घालायला वाकले तेव्हा काळुराम बायकोजवळ जाऊन जरा मोठ्यानं म्हणाले, "गोदा, पाळकसाहेब निघाले. सलाम कर."

गोदाबाईंनी मान वळवून उजागऱ्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्या हसल्या. नवऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही, असं ते हसणं होतं.

"पाळकसाहेब कशाला येत्यात आपल्याकडं?" त्या म्हणाल्या. "त्यांना लई कामं. सहदेव हाय ह्यो."

काळुराम वरमले. "साहेब, तिचं मनावर घेऊ नका."

उजागऱ्यांनी घेतलं होतं. एक पाय चपलेत, एक उंबऱ्यावर, असे ते गोदाबाईंकडे वळले.

"मीच आहे, आक्का," ते म्हणाले. "मंगळवारी येतो."